एक रोज पहले

माझ्या बारशाला नक्शाकाका आदल्या दिवशीच येऊन बसले होते. पाळणा अजून सुताराकडं होता, घुगऱ्या भिजायच्या होत्या आणि माझं नाव काय ठेवायचं यावरून माय आणि आत्याचं सकाळीच वाजलं होतं. काका ओसरीवर मांडी घालून बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "चालू द्या तुमचं. मी उद्यासाठी आलोय."

मग बसल्या जागी त्यांना करमेना. त्यांनी आढ्याची कडी वर चढून ठोकून पाहिली, पाळण्याची दोरी कुठून घ्यायची ते कोळशानं भुईवर काढलं आणि मायला विचारलं, "लेकरू किती वजनाचं?" माय म्हणाली, आता असंल की तीन-चार शेर. "अंदाज नको. बराबर सांगा." शेवटी शेजारच्या दुकानातून तागडी आली आणि मला एका पारड्यात घालून जोखलं. आमच्या आष्टीत नाव ठेवायच्या आधी वजन झालेला मी पहिलाच असेन. पुढं आयुष्यभर इंजिनेरकी केली, पुलांवर बोजे टाकले, पण पहिला बोजा मीच होतो हे मला विसरू दिलं नाही कुणी.

तर नक्शाकाका सगळीकडं एक दिवस आधी पोचायचे. लग्न उद्या असलं की हे आज हजर. मांडवाच्या मेढी अजून आडव्या पडलेल्या, आचारी चुलवणं खणून राह्यलेला, आणि हे धुतलेलं धोतर, काळा कोट, डोक्याला टोपी अशा थाटात रिकाम्या जागेत उभे. नवं माणूस गोंधळून जायचं. "काका, लग्न उद्या हाय." "मालूम हाय मला. म्हणूनच आलो." गावानं मात्र हे अंगवळणी पाडून घेतलं होतं. काका आलेच आहेत तर दोरी धरून मांडवाचा काटकोन त्यांच्याकडूनच काढून घ्यायचे. त्यामुळं आष्टीचे मांडव पंचक्रोशीत सरळ. दुसऱ्या गावचं वऱ्हाड आलं की म्हणायचं, तुमच्याकडं मांडव लई सुबक असतो बुवा.

एकदाच काय ते आक्रित झालं. गावातले एक जुने पाटील आजारी होते. काका त्यांना भेटायला गेले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि बसले. झालं! घरात रडारड सुरू. "नक्शाकाका आले, म्हणजे उद्याच…" सुनेनं तर डोक्यावरचा पदर तोंडात कोंबला. हा गलका ऐकून पाटील जे खवळले, ते काठी घेऊन उठले, काकांना अंगणाबाहेर घालवून आले आणि तिथनं पुढं सात वर्षं खणखणीत जगले. काका म्हणायचे, "औषीद मीच दिलं, नाव मात्र वैद्याचं झालं."

त्यांचं लग्न झालं नव्हतं, त्यालाही कारण हेच. मुलगी पाहायला हे एकटेच आदल्या दिवशी जाऊन थडकले. मुलगी हात कोपरापर्यंत शेणात घालून अंगण सारवत होती. तिचा बाप असा तापला, की पाणीसुद्धा न देता वाटेला लावलं. आम्ही पोरं मुद्दाम विचारायचो, "काका, कशी होती हो पोरगी?" काका जरा विचार करून म्हणायचे, "पोरगी बराबर पाह्यली न्हाई. पर सारवण एक नंबर. एका पातळीत. पाणी टाकलं असतं तर चहूकडं सारखं गेलं असतं." त्यानंतर दुसरी मुलगी त्यांनी पाहिलीच नाही.

खरं नाव भानुदास. पण ते गावात कुणाला आठवत नसे. तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि बांधकामखात्याला तामीरात म्हणत. त्या तामीरातच्या परतूरच्या कचेरीत काका नक्शानवीस होते. नक्शानवीस म्हणजे साहेबानं काढलेल्या नकाशावर मेणकापड अंथरायचं आणि त्याची रेघ न् रेघ गिरवायची. आयुष्यभर दुसऱ्याच्या रेघांवरून रेघा. स्वतःची एक रेघ काढायची मुभा नाही. साहेबाचा पूल चुकला असला तर चुकलेला पूलसुद्धा बराबर गिरवायचा. तीस वर्षं हे केलं आणि मग पेन्शन घेऊन आष्टीला आले. परतूरच्या वाटेला गावातलं शेवटून दुसरं घर त्यांचं, शेवटचं आमचं.

मी हैदराबादच्या इंजिनेरिंग कॉलेजात गेलो तेव्हा माझ्या घरच्यांपेक्षा काकांना जास्त चढलं होतं. आमच्या भागातून तिथं जाणारी पोरं बोटावर मोजण्याइतकी, त्यात शेतकऱ्याचं पोर. मला अर्थात वाटायचं की हे आपल्याच अकलेवर झालं. सुट्टीला आलो की मी डोळ्याला चष्मा, हातात पट्टी, असा गावातून मिरवायचो. काका मला "इंजिनेर" म्हणायचे. त्यात थट्टा किती आणि कौतुक किती, हे मला त्या वयात कळत नव्हतं. आता कळतं, थट्टा नव्हतीच.

शेवटच्या वर्षाला कॉलेजात एक नियम होता. प्रत्येकानं आपापल्या मुलखातलं एक काम निवडायचं, त्याचा नकाशा स्वतः करायचा, त्याचा छोटा नमुना बनवून न्यायचा आणि परीक्षकापुढं ठेवायचा. मी आष्टीच्या ओढ्यावरचा पूल निवडला. तो पूल अस्तित्वात नव्हता. पावसाळ्यात ओढा आला की परतूरची वाट तीन-तीन दिवस बंद. मी सुट्टीत घरी येऊन चार दिवसांत नकाशा काढला, सुंदर रंग भरला आणि काकांना दाखवायला नेला.

काकांनी तो उलटा धरला, सुलटा धरला, उन्हात धरला. म्हणाले, "रंग झकास हाय." मग म्हणाले, "ओढ्यावर गेल्तास का?"

"गेलो ना. मोजला."

"कोरड्या ओढ्याला मोजून काय करतो? भरल्याला कोणी पाह्यला ते सांग."

भर उन्हात त्यांनी मला ओढ्याकाठच्या धुरपदामायच्या झोपडीवर नेलं. ही म्हातारी जन्मभर तिथंच राहिलेली. काकांनी विचारलं, "माय, सगळ्यात मोठं पाणी कुठवर आल्तं?" म्हातारीनं उठायचीही तसदी घेतली नाही. काठीनं लिंबाच्या खोडावरची एक गाठ दाखवली. "हितवर. माझी कोंबडी वरच्या फांदीवर बसली म्हणून वाचली."

मी पट्टी लावली. माझा पूल दोन हात पाण्याखाली होता.

सांगायला लाज वाटते, पण मला राग आला. कॉलेजात पूर काढायची एक रीत शिकवली होती, सूत्र होतं, कोष्टक होतं. कोंबडी कुठंच नव्हती. मी तसं म्हणालोसुद्धा. काका शांतपणे म्हणाले, "कोष्टक बी कोणीतरी झाडाखाली उभं राहूनच केलं असंल ना बाबा? तेवढं झाड दुसऱ्या गावचं होतं, इतकंच." नकाशा नव्यानं काढावा लागला. पहिला, रंग भरलेला, मायनं डब्याच्या तळाशी घातला.

मग नमुना. कॉलेजात श्रीमंतांची पोरं सागवानी लाकडाचे नमुने सुताराकडून करून घ्यायची. आमच्याकडं सागवान कुठलं? काकांनी कडब्याच्या गंजीतून निवडून निवडून ज्वारीचे धांडे काढले. लहानपणी आम्ही सगळ्यांनीच धांडे सोलून त्याच्या बैलगाड्या केलेल्या. वरची साल काढायची, तिच्या पट्ट्या लवचीक आणि चिवट. आतला गाभा हलका, त्यात काही टोचलं की बसतं. सांध्याला खिळे म्हणून बाभळीचे काटे. काका म्हणाले, "हाच पूल कर. खेळन्यातला नको, बोज घेनारा कर."

आठ दिवस मी त्या ओसरीवर धांडे सोलून राह्यलो होतो. येणारा-जाणारा थांबायचा. "इंजिनेर, बैल कधी जुंपता?" मी मान वर करत नसे. पूल झाला की काका त्यावर एक वीट ठेवायचे. मोडला की म्हणायचे, "हं. कुठून मोडला ते पाह्य." मोडला याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. कुठून मोडला ते मला सांगता आलं नाही की मात्र वाईट वाटायचं. पाच पूल मोडले. सहाव्यानं दोन विटा घेतल्या, तेव्हा काका उठून आत गेले आणि गुळाचा खडा घेऊन आले. मला वाटलं मला. त्यांनी तो पुलावर ठेवला. "दोन विटा अन् एक गुळाचा खडा," म्हणाले. मग दुसरा खडा मला दिला.

कॉलेजात माझा नमुना टेबलावर आला तेव्हा हसू आवरायला एकाला तर बाहेर जावं लागलं. परीक्षक म्हातारे, कडक, पांढऱ्या दाढीचे. त्यांनी आपल्या समोरचा जाडजूड शब्दकोश उचलला आणि पुलावर ठेवला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा पूल उभा होता. मग त्यांनी विचारलं, पुराची पातळी कशावरून धरली? मी म्हणालो, "एका म्हातारीच्या कोंबडीवरून, हुजूर." म्हाताऱ्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. पास झालो. चांगला पास झालो.

पण पास होणं एक आणि नोकरी एक. तामीरातमध्ये जागा थोड्या, आणि मुलाखत हैदराबादला. ती गेली की पुन्हा वर्षभर घरी बसा. दादा, म्हणजे माझे वडील, फारसे बोलत नसत, पण त्या दिवसांत ते माझ्याकडं न बघता जेवायचे, त्यावरून मला समजायचं.

मुलाखतीची तयारी काकांनी अंगावर घेतली. त्यांच्या घरात पेटीवर चादर टाकून टेबल झालं. मी बाहेर उभा राहायचं. मग काका दारात येऊन चपराशी व्हायचे, अगदी खणखणीत आवाजात माझं नाव, बापाचं नाव आणि गाव पुकारायचे, "विश्वनाथ वल्द गोविंद, साकिन आष्टी, हाजिर!" आणि मी आत येईपर्यंत धावत जाऊन पेटीमागं बसून साहेब व्हायचे. एवढ्या धावपळीत साहेबाला धाप लागलेली असे.

"आत आल्यावर सलाम. बसायचं न्हाई. साहेब 'तशरीफ रखिए' म्हणंल तवाच बसायचं. सवाल समजला न्हाई तर फिरून विचार, लाज काय त्यात? पर न समजता बोलायचं न्हाई."

हे सगळं ठीक. पण त्यांचा पहिला प्रश्न दर वेळी एकच. पेटीमागून माझ्याकडं रोखून पाहत ते विचारायचे, "कब आए?"

पहिल्यांदा मी म्हणालो, "आत्ताच."

"बिलकुल गलत. भाईर जा."

पुन्हा पुकारा, पुन्हा धाप. "कब आए?"

"सकाळी."

"भाईर जा."

तिसऱ्यांदा मी चिडून म्हटलं, "मग म्हणू तरी काय?"

"एक रोज पहले, हुजूर. असं म्हणायचं. छाती काढून म्हणायचं." मग त्यांनी पेटीवरची चादर सरळ केली. "येवढं एक बराबर आलं, की बाकीचे सवाल आपसुक जातात."

मी मनात म्हटलं, म्हातारं चळलं. तामीरातचा बडा साहेब हा प्रश्न कशाला विचारतोय? पण रोज संध्याकाळी पाच-सहा वेळा मी त्यांना छाती काढून सांगायचो, एक रोज पहले, हुजूर. त्या उत्तरावर ते जसे खूश व्हायचे तसे कमानीच्या बिनचूक हिशेबावरसुद्धा व्हायचे नाहीत.

मुलाखतीचा कागद आला. ज्या दिवशी निघायचं तो दिवस जोशीबुवांच्या मते प्रवासाला वाईट. माय हट्टाला पेटली, प्रस्थान ठेवायचंच. आमच्याकडं ही रीत होतीच. निघायचा दिवस वाईट असला, तर आधीच्या चांगल्या मुहूर्तावर आपलं गाठोडं वाटेवरच्या दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. तांदूळ, सुपारी आणि अंगावरचं काहीतरी. म्हणजे प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. मग प्रत्यक्ष निघताना ते उचलायचं आणि मागं न बघता जायचं. मी सुशिक्षित, मी कुरकुर केली. माय म्हणाली, "तुझं शिक्षण तुझ्यापाशी. गाठोडं नक्शाकाकाच्याच घरी जाईल." काकांचं घर तर आमच्या मागं, गावाच्या अंगाला; वाटेच्या उलट्या दिशेला का, असं मी विचारलं. ती तांदूळ निवडायला बसली.

माझे कागद आणि धुतलेला सदरा बांधून आम्ही गाठोडं काकांच्या कोनाड्यात ठेवलं. मध्ये तीन दिवस होते.

दुसऱ्या दिवशी मी सहज तिकडं गेलो, तर काकांच्या घराला दार नाही. दोन्ही फळ्या बिजागरीतून काढून भिंतीला टेकवलेल्या. काका उंबऱ्यावर बसून सुपारी कातरून राह्यले होते.

"काका, दाराला काय झालं?"

"काढलं."

"कामून?"

"दार असलं की कडी लागती. कडी असली की कुलूप लागतं. दारच न्हाई तर कुलूप कशाला लावता?"

तीन दिवस ते त्या उंबऱ्यावरून हलले नाहीत. बाजाराचा दिवस आला, गेले नाहीत. त्याच आठवड्यात गावात एक लग्न होतं. आदल्या दिवशी मांडवात काका दिसेनात, म्हणून लोकांनी तारीख चुकली की काय असं समजून मेढी उभ्या करायच्याच थांबवल्या. शेवटी एकजण विचारायला आला. काका उंबऱ्यावरूनच म्हणाले, "लगन उद्याच हाय. मांडव यंदा अंदाजानं घाला." त्या लग्नाचा मांडव वाकडा झाला. लोक पुढं कितीतरी वर्षं त्याच्याबद्दल बोलत होते.

मी घरी येऊन हसत हसत मायला सांगितलं, काकांनी दार काढून ठेवलंय. मला वाटलं तीही हसेल. ती भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. परातीत हात तसाच ठेवून तिनं मला जे सांगितलं, ते असं.

काका तरुण असताना त्यांनाही हैदराबादला बोलावणं आलं होतं. इंजिनेरिंगच्या शाळेत घ्यायचं की नाही त्याची मुलाखत. गावातून असं बोलावणं आलेला पहिला माणूस. त्यांच्या आईनंही प्रस्थान ठेवलं. कुठं? वाटेवरचं शेवटचं घर आमचं, म्हणून आमच्या घरी. त्या गाठोड्यात त्यांचे सगळे कागद. आणि नेमकं त्याच हप्त्यात आमच्या घरात लग्न निघालं होतं. दादांचं. नवरी वाटूरची, म्हणजे माझी माय. वऱ्हाडाच्या गडबडीत गाठोड्याचा विसर पडला. घरादाराला कुलूप लागलं, किल्ली माझ्या आजोबांच्या कडदोऱ्याला, आणि गाड्या वाटूरला गेल्या.

काका पहाटे गाठोडं घ्यायला आले तर दाराला कुलूप.

"मंग तोडायचं ना कुलूप!" मी म्हणालो.

"लगीनघराचं?" माय म्हणाली. "वऱ्हाड गेलेल्या घराचं कुलूप तोडत्यात व्हय रे?"

त्यांची गाडी गेली. पण मध्ये एक दिवस हातात होता. किल्ली मिळवून रातोरात परतले असते तर दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं वेळेवर पोचले असते. काका चालत वाटूरला निघाले. दिवसभर चालले. पोचले तेव्हा गोरज मुहूर्ताची घाई चाललेली. सगळ्यांना वाटलं, भानुदास लग्नालाच आला. कुणी त्यांना टिळा लावला, कुणी पाट दिला. आजोबांनी विचारलं, "तुझं हैद्राबादचं काय रे?" काका म्हणाले, "हाय ना अजून. बहुत टाइम हाय."

"किल्ली मागितली न्हाई त्यानं," माय म्हणाली. "मागितली असती तर बोभाटा झाला असता. प्रस्थान कोंडलं, अपशकुन झाला. अन् बोट कुणाकडं आलं असतं? नवरीचा पायगुण! मी बोहल्यावर उभी. चौदा वर्सांची. जन्मभर ऐकावं लागलं असतं मला. त्यानं अक्षता टाकल्या, पंगतीला बसला, आग्रह झाला तर एक पुरी जास्तीची खाल्ली. दुसऱ्या दिवशी आज्ज्याला बाजूला घेऊन म्हणला, जरा किल्ली द्या."

हैदराबादला ते एक दिवस उशिरा पोचले. तिथल्या कारकुनानं कागद पाहिला आणि परत दिला. म्हणाला, "एक रोज पहले आना था."

पुढं त्यांनी परतूरच्या कचेरीत रेघा गिरवायची नोकरी धरली. आजोबांकडून त्यांनी शपथ घेतली होती, सूनबाईच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. आजोबांनी ती पाळली, आणि मी कॉलेजात गेलो त्या साली, मरायच्या आधी, मोडली.

मी उगाच अंगणात जाऊन उभा राहिलो. पाच पूल मोडले तेव्हा त्यांच्यावर मनात केलेला राग मला आठवत होता. कुणी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

माझ्या मुलाखतीचं इथंच सांगून टाकतो. नोकरी लागली. साहेबानं पहिला प्रश्न बापाच्या नावाचा विचारला, कधी आलात हे कुणीच विचारलं नाही. पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं.

आम्ही परतूरच्या स्टेशनवर, अर्थातच, गाडीच्या आदल्या दिवशी पोचलो. निघताना काकांनी कोनाड्यातून गाठोडं काढून बैलांच्या दमणीत माझ्या मांडीवर दिलं होतं आणि सोडायला म्हणून स्वतःही बसले होते. स्टेशनमास्तर त्यांना ओळखून होते, त्यांनी नुसती मान हलवली. दुपारची वेळ. फलाटावर कुणी नाही, लिंबाखाली एक बाक, पलीकडं पाण्याचा हौद. आम्ही मायनं दिलेल्या दशम्या खाल्ल्या. मला त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. माफी मागावी, तर कशाची? माझ्या आईबापाच्या लग्नाची? आणि मायनं मला सांगितलं हे कळलं असतं तर त्यांना जीव नकोसा झाला असता.

मी म्हणालो, "काका, आज मी साहेब होतो. तुमची मुलाखत घेतो."

"माझी? कामून?"

"मला साहेबाच्या बाजूनं कसं दिसतं ते कळू द्या."

हे त्यांना पटलं. कारण त्यात शिकायचं काहीतरी होतं. ते उठले, धोतर झटकलं, कोटाची गुंडी लावली आणि हौदामागं जाऊन उभे राहिले. पुकारा झाल्याशिवाय यायचं नसतं. मी बाकावरून उठून चपराशी झालो, आणि पोटातून आवाज काढून ओरडलो,

"भानुदास वल्द मारोती, साकिन आष्टी, हाजिर!"

स्टेशनमास्तर खिडकीतून बघायला लागले. हौदामागून कुणी येईना. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून मी पुन्हा तोंड उघडलं, तेवढ्यात काका आले. टोपी सरळ केलेली. गुरुजींनी उठवलेल्या पोरासारखे दोन्ही हात बाजूला. माझ्यासमोर चार पावलांवर थांबले आणि सलाम केला. मी तोवर बाकावर बसलो होतो. माझ्याहून चाळीस वर्षांनी मोठं माणूस माझ्यापुढं उभं होतं आणि मला बसून राहावं लागत होतं.

"कब आए?" मी विचारलं.

उत्तर त्यांचंच, मला घोकून घोकून पाठ करायला लावलेलं. पण त्यांना ते लगेच येईना. त्यांनी एकदा रुळांकडं पाहिलं. मग छाती काढली.

"एक रोज पहले, हुजूर."

मला कमानीचा, पायाचा, चुन्याचा, कसलाच पुढचा प्रश्न आठवेना. डोळे भरून आले होते आणि साहेबानं असं रडणं बरं दिसत नव्हतं. काका तसेच उभे होते. मग माझ्या ध्यानात आलं, की मी म्हटल्याशिवाय ते बसणार नाहीत.

"तशरीफ रखिए," मी म्हणालो.

काका बाकाच्या कडेला बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. गाडी यायला अजून पुरता एक दिवस होता.